मायनर ९, मायनर ११ आणि त्यांची इन्व्हर्जन्स: गिटारवर हे बसवायचं कसं?

पाचवी_तार

नमस्कार मंडळी. ओपन कॉर्ड्स, बॅरे कॉर्ड्स, मायनर ७ वगैरे हातात बसलेत. आता मायनर ९, ११, १३ कडे वळलोय आणि तिथेच गाडी अडलीय.

व्याख्या कळते हो. ए मायनर ९ म्हणजे ए, सी, ई, जी, बी. ११ साठी वर डी घालायचा, १३ साठी एफ शार्प. झाले सात सूर, आणि आपल्याकडे तारा सहा नि बोटं चार. त्यात इन्व्हर्जन म्हणजे तळाचा सूर बदलायचा. तळाला सी ठेवून बाकीचे सूर ओळीने वर रचायला गेलं की बोटं पोचतच नाहीत, आणि एखाद्या ठिकाणी पोचली तर आमचा कीबोर्डवाला म्हणतो अरे हा तर सी मेजर ७ वाजवतोयस तू.

तर मी वाजवतोय तरी काय? कुठले सूर सोडलेले चालतात? आणि खालच्या तारांवर हे सगळं इतकं गढूळ का ऐकू येतं? कोणी नीट बसून हे शिकलं असेल तर कुठून सुरुवात केली तेही सांगा.

गमकप्रेमी

मस्त विषय. वाचतोय.

चौथा_फ्रेट

पाचवी_तार, तुमचे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, पण आधी सूर सोडायचं बघू.

सगळ्यात आधी फिफ्थ, म्हणजे रूटपासून पाचवा सूर, सोडायचा. ए मायनर मध्ये ई. रूट, म्हणजे ज्या सुरावरून कॉर्डचं नाव पडतं तो, वाजला की त्याच्या हार्मोनिक्समध्ये (सोबत आपोआप उमटणाऱ्या सुरांमध्ये) तिसराच सूर फिफ्थ असतो, त्यामुळे तो वेगळा वाजवला नाही तरी कानाला फारसा फरक जाणवत नाही. अपवाद मायनर ७ फ्लॅट ५, तिथे तो फ्लॅट झालेला फिफ्थ हीच ओळख आहे, तो ठेवायलाच हवा. मग बास वाजवणारं कोणी सोबत असेल तर रूटही सोडायचा. थर्ड आणि सेव्हन्थ मात्र सोडायचे नाहीत, म्हणजे इथे सी आणि जी. सी नसेल तर मायनर कशावरून म्हणायचं? आणि ज्या सुराचं नाव कॉर्डला दिलंय तो हवाच, ९ म्हटलं की बी, ११ म्हटलं की डी. ११ मध्ये ९ गाळला तर कोणी तक्रार करत नाही, १३ मध्ये ११ तर बहुतेक जण गाळतातच.

म्हणजे सात सुरांचा कॉर्ड शेवटी चार सुरांवर येतो. चार सूर, चार तारा, चार बोटं. हिशोब जमला.

काळीपांढरी

मी कीबोर्ड वाजवते. पाचवी_तार यांच्या कीबोर्डवाल्याच्या वतीने बोलते 🙂 आम्हाला डाव्या हातात ए आणि उजव्या हातात सी ई जी बी असं सरळ एका ओळीत मिळतं, त्यामुळे उजव्या हाताकडे बघितलं की सी मेजर ७ दिसणारच, तो काही चुकीचं सांगत नाहीये. पण गिटारवर हे असे लागोपाठचे सूर का बसत नाहीत ते मला आजवर कळलेलं नाही, कोणी सांगेल का?

चौथा_फ्रेट

काळीपांढरी, साधा ए मायनर ७ घ्या, ए सी ई जी असा सलग. पातळ चार तारांवर मांडला तर चौथ्या तारेवर ७वा फ्रेट, तिसऱ्या आणि दुसऱ्यावर ५वा, पहिलीवर ३रा. पाच फ्रेटचा ताण झाला. आता त्याचं पहिलं इन्व्हर्जन करा, सी ई जी ए: १०, ९, ८ आणि पहिल्या तारेवर ५. सहा फ्रेट. लांब बोटांच्या माणसाचाही हात दुखेल.

याचं कारण गिटारच्या शेजारच्या तारांमध्ये बहुतेक ठिकाणी फोर्थचं (पाच फ्रेटचं) अंतर आहे आणि सलग कॉर्डमध्ये सुरांत थर्डचं (तीन-चार फ्रेटचं) अंतर असतं, कधी त्याहून कमी. म्हणजे वरच्या तारेवर जाताना दर वेळी मागे सरकावं लागतं. म्हणून गिटारवाले एक सूर काढून सप्तकभर खाली टाकतात. वरून दुसरा सूर खाली टाकला की त्याला ड्रॉप २ म्हणतात. ए सी ई जी मध्ये वरून दुसरा ई, तो खाली गेला की ई ए सी जी. हे लगेच हाताखाली येतं.

आणि हे तुम्ही सगळे आधीपासून वाजवताय. ओपन ए मायनर ७ धरा, पाचवी तार मोकळी. पाचव्या ते दुसऱ्या तारेवर ए ई जी सी वाजतात. हाच ड्रॉप २.

पाचवी_तार

आयला, खरंच की. चार्टवर तो कॉर्ड इतक्या वेळा बघितलाय पण त्यातले सूर कुठल्या क्रमाने आहेत हे कधी बघितलंच नव्हतं.

डिस्टॉर्शन

चौफ्रे, शेप टाका ना सरळ. आकडे द्या.

चौथा_फ्रेट

देतो. आकडे चौथ्या तारेपासून पहिलीकडे वाचा, म्हणजे जाड तारेकडून पातळ तारेकडे. पाचवी सहावी वाजवायची नाही. ए मायनर ७:

२-२-१-३ (तळाला ई)
५-५-५-५ (तळाला जी)
७-९-८-८ (तळाला ए)
१०-१२-१०-१२ (तळाला सी)

पहिल्यात मधलं बोट चौथ्या तारेवर, अनामिका तिसरीवर, तर्जनी दुसरीवर, करंगळी पहिलीवर. दुसरा म्हणजे तर्जनी आडवी टाका, झालं. तिसऱ्यात तर्जनी ७ वर, अनामिका ९ वर आणि मधलं बोट झोपवून दोन्ही पातळ तारा ८ वर. सुरुवातीला याच शेपमध्ये दुसरी तार दबून बसते, मधल्या बोटाचं टोक नाही, पेर वापरा. चौथ्यात तर्जनीचा बॅरे १० वर, अनामिका नि करंगळी १२ वर.

चारही वर-खाली करत वाजवा पण दर वेळी तळाला कोण आहे ते तोंडाने म्हणा. ई, जी, ए, सी. म्हटलं नाही तर हात शिकतो, डोकं शिकत नाही.

षड्जपंचम

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. आम्ही गळ्यावर स्वरज्ञान पक्कं करताना हेच करतो, सरगम म्हणत म्हणतच.

हातसोड

मी थोडा विरोधात बोलतो, राग मानू नका. शेप पाठ करण्याचा हा नाद मला पटत नाही. चार शेप, मग मधल्या तारांवर आणखी चार, जाड तारांवर आणखी, त्यात ९ चे वेगळे ११ चे वेगळे, ही यादी संपणारच नाही. त्यापेक्षा माणसाने मानेवरचे सूर ओळखावेत आणि लागेल तो कॉर्ड तिथल्या तिथे बांधावा. ज्याला सी कुठे कुठे आहे हे माहीत नाही त्याला इन्व्हर्जन काय कळणार.

रिकामी_तार

हातसोड, सूर ओळखायला हवेत हे मान्यच, पण चालू गाण्यात कॉर्ड बांधत बसायला वेळ कुणाकडे असतो? आणि यादी वाटते तेवढी मोठी नाहीये. मी शिकवते तेव्हा मायनर ७ चे हे चारच शेप पक्के करून घेते, पुढचं सगळं त्यातला एक सूर हलवून मिळतं.

९ हवाय? रूट शोधा आणि तो दोन फ्रेट वर न्या. ए चा बी झाला. बाकी काही हलवायचं नाही.

५-५-५-५ मध्ये ए पहिल्या तारेवर आहे, म्हणून ५-५-५-७. १०-१२-१०-१२ मध्ये ए दुसऱ्या तारेवर, म्हणून १०-१२-१२-१२. ७-९-८-८ मध्ये ए तळालाच आहे, म्हणून ९-९-८-८. २-२-१-३ मध्ये तिसऱ्या तारेवर, म्हणून २-४-१-३, हा जरा ओढून धरावा लागतो पण बी आणि सी शेजारी घासून वाजतात ते फार गोड लागतं, सावकाश गाण्यात तर नक्की वापरून बघा.

हातसोड, आता बघा, शेप नवा शिकायला लागला नाही, पण रूट कुठल्या तारेवर आहे हे माहीत असल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकता आलं नाही. म्हणजे तुमचं म्हणणंही राहिलं.

हातसोड

हं. असं शिकवत असाल तर माझी हरकत नाही. माझा आक्षेप नुसते चित्र बघून बोटं ठेवणाऱ्यांवर होता.

काळीपांढरी

रिता (रिकामी_तार), तुझे चारही कॉर्ड मी वाजवून बघितले. चारही सी मेजर ७ आहेत 😀

पाचवी_तार

तेच तर विचारतोय मी पहिल्यापासून!

चौथा_फ्रेट

आहेतच. सी ई जी बी, कसेही मांडा, एकटे वाजवले तर सी मेजर ७. खाली कोणी ए धरला की तेच चार सूर ए मायनर ९. हे असं बरंच आहे. ए मायनर ७ आणि सी ६ यांचे सूर तेच. ए मायनर ६ चे सूर ए सी ई एफ शार्प, तोच एफ शार्प मायनर ७ फ्लॅट ५, आणि खाली डी आला तर डी ९. तळाचा सूर आणि मागचा पुढचा कॉर्ड मिळून नाव ठरवतात.

आणि हा तोट्याचा मामला नाहीये, फायद्याचा आहे. एक मेजर ७ चा शेप येत असेल तर त्याच्या रूटच्या तीन फ्रेट खालच्या मायनर ९ चा शेपही तुम्हाला आला. ज्यांना डी मायनर ९ चा एक्स-५-३-५-५-५ (सहावीपासून पहिलीकडे, एक्स म्हणजे ती तार वाजवायची नाही) हा नेहमीचा शेप येतो त्यांनी त्यातली पाचवी तार गाळून ऐका. एफ सी ई ए उरतात. एफ मेजर ७.

षड्जपंचम

मग ही तर मूर्च्छनाच झाली! भूपाच्या धैवताला षड्ज मानलं की धानी दिसतो, गंधाराला मानलं की मालकंस, पंचमाला मानलं की दुर्गा. सूर तेच, सा बदलला की राग बदलला. इन्व्हर्जन म्हणजे कॉर्डची मूर्च्छना असं म्हणता येईल का?

चौथा_फ्रेट

षपं, अगदी जवळ आहात पण एक फरक आहे आणि तो मोलाचा आहे. मूर्च्छनेत सा हलतो. इन्व्हर्जनमध्ये सा हलत नाही, फक्त तळाला कोण उभं आहे ते बदलतं. ए मायनर ७ चा सी तळाला आला आणि गाणं ए वरच बसलेलं असेल, तर तो अजून ए मायनरच आहे, पहिलं इन्व्हर्जन. पण गाण्याने सी कडे तोंड वळवलं की त्याच बोटांखाली सी ६ झाला, आता तुमची मूर्च्छना झाली. आपल्याकडे तानपुरा सा कुठे आहे ते सतत सांगत असतो, बँडमध्ये ते काम बास करतो. बास नसेल तेव्हा गिटारवाल्याच्या चार सुरांवर दोन्ही अर्थांची शक्यता लोंबकळत राहते.

षड्जपंचम

वा, हे पटलं. मैफलीत सा धरून ठेवणारं कोणी नसलं तर मालकंसाचा भूप व्हायला वेळ लागत नाही, अगदी तसंच.

गमकप्रेमी

धानीवरून आठवलं. गिटारच्या सहाही तारा मोकळ्या वाजवा. ई ए डी जी बी ई. ई ला सा धरलं तर सा ग म प नि, ग आणि नि कोमल. धानीचे पाच सूर गिटारच्या खुंट्यांवरच बांधून ठेवलेत की! आणि कॉर्ड म्हणून बघायला गेलं तर?

रिकामी_तार

कॉर्ड म्हणून ई मायनर ११, फक्त ९ नाही त्यात. जी ला रूट धरलं तर जी ६/९. एकही बोट न ठेवता एक्स्टेंडेड मायनर वाजतो हे नव्याने शिकणाऱ्यांना मी पहिल्यांदा दाखवते, भीती निम्मी होते.

चौथा_फ्रेट

आणि त्यातल्या जाड पाच तारा, ई ए डी जी बी, म्हणजे जॅझवाले ज्याला सो व्हॉट कॉर्ड म्हणतात तोच तंतोतंत. माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट'च्या १९५९ च्या रेकॉर्डिंगमध्ये पियानोवर हाच कॉर्ड येऊन सगळाच दोन फ्रेटइतका खाली उतरतो. खालून तीन फोर्थ आणि वर एक मेजर थर्ड. गिटारवर डी साठी एक्स-५-५-५-६-५ धरा, डी जी सी एफ ए. रूट, ११, सेव्हन्थ, थर्ड, फिफ्थ. आता दोन फ्रेट वर, मग परत खाली. तासभर यातच जातो माझा.

पाचवी_तार

हे धरलं. ऐकून अंगावर काटा आला. मग ११ चंही एक सूर हलवून मिळतं का? ९ सारखं?

रिकामी_तार

हो तर. ११ साठी फिफ्थ दोन फ्रेट खाली. ई चा डी.

५-५-५-५ चा ५-५-३-५. २-२-१-३ चा ०-२-१-३, चौथी तार मोकळी. १०-१२-१०-१२ चा १०-१२-१०-१०. आणि माझा सगळ्यात लाडका, ७-९-८-८ चा ७-७-८-८. यात ए डी जी सी, फोर्थवर फोर्थ रचलेले, एकही थर्ड शेजारी नाही. हा मायनर वाटतो पण दुःखी वाटत नाही, मोकळा वाटतो.

सहाव्या तारेवर रूट हवा असेल तर ५-एक्स-५-५-३-एक्स, पाचवी तार सहावी दाबणाऱ्या बोटाच्या टोकाने गप्प करायची. हा सगळीकडे चालतो.

काळीपांढरी

पण ए डी जी सी म्हणजे डी ७ सस ४ (थर्डऐवजी फोर्थ) पण झाला ना? डी जी ए सी.

चौथा_फ्रेट

हो. आणि म्हणूनच ए मायनर ११ वरून डी ७ कडे जाताना इतकं सहज वाटतं, अर्धा रस्ता आधीच चाललेला असतो.

डिस्टॉर्शन

मंडळी गढूळपणाचं राहिलं. मी जरा जोरात वाजवणारा माणूस आहे. ए मायनर ९ चं कुठलंही इन्व्हर्जन डिस्टॉर्शन लावून वाजवलं की भाजणीच होते आवाजाची. क्लीनवर गोड, गेन वाढवला की कचरा. हे माझ्या अँपचं आहे की कॉर्डचं?

चौथा_फ्रेट

कॉर्डचं. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. फिफ्थला हे नवे सूर जागच्या जागी बसतात, म्हणून पॉवर कॉर्ड ठणठणीत वाजतो. मायनर थर्डला ते बरेचसे मेळाबाहेर पडतात, आणि बी-सी सारख्या सेमिटोनला (एका फ्रेटच्या अंतराला) तर विचारू नका. गेनवर दोनच सूर वाजवा, सी आणि बी, सी खाली नि बी वर. रूट बासवर सोडा. तेवढ्यातही ९ कळतो.

क्लीन आवाजातला गढूळपणा वेगळा. जवळजवळचे सूर खालच्या सप्तकात नेले की ते एकमेकांत मिसळतात. खाली मोठी अंतरं, वर लहान अंतरं. तळाला सी ठेवायचा तर त्याच्या लगेच वर ई नको, जी ठेवा. १०-१२-१२-१२ बघा, सी आणि जी मध्ये फिफ्थ आहे, म्हणून तो खुलतो.

काळीपांढरी

यात भर घालते. गिटारचं स्टाफ नोटेशन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहितात. मी कागदावर बघून तेच सूर वाजवले की माझे एक सप्तक वर वाजतात, आणि गिटारवाला मानेच्या सुरुवातीला खेळत असेल तर तो माझ्या डाव्या हाताच्या इलाख्यात येतो. मग दोघांचं मिळून पिठलं. एकत्र वाजवताना आधी ठरवून घ्यावं, मी खाली ए आणि जी धरते, तू पातळ चार तारांवरून खाली येऊ नकोस.

पाचवी_तार

हे आज संध्याकाळीच करून बघतो त्याच्याबरोबर.

एक शंका. रिताताईंचा ९-९-८-८ मला अजिबात आवडला नाही. बाकीचे तीन छान लागतात, हा टोचतो. सूर तर तेच आहेत.

रिकामी_तार

टोचणारच. तळाला बी आहे आणि अगदी वर सी. मध्ये सप्तक अधिक एक सेमिटोन, म्हणजे मायनर नाइन्थ. शेजारी घासले तर गोड लागणारे हेच दोन सूर असे लांब उभे राहिले की कडक होतात. तेच उलट करा, सी खाली आणि बी वर, लगेच मऊ पडतं, मेजर सेव्हन्थ झाला ना तो. म्हणून ९ वर ठेवायचा प्रयत्न करावा. मी तो शेप फक्त जाता जाता वापरते, एका ठोक्यापेक्षा जास्त थांबत नाही त्यावर.

हातसोड

मला तो टोचरेपणा आवडतो. संपूर्ण गाणं मऊ मऊ वाजवलं तर कान झोपतो.

रिकामी_तार

आता एकट्याने वाजवणाऱ्यांसाठी. ए मायनर मध्ये वाजवत असाल तर पाचवी तार मोकळी ठेवा आणि वरचे चारही ९ चे शेप तिच्यावर वाजवा. एक्स-०-५-५-५-७ घ्या. ए जी सी ई बी, पाचच्या पाच सूर, एकही गाळलेला नाही, आणि बोटं लागतात फक्त दोन: तर्जनीचा बॅरे ५ वर, करंगळी ७ वर. अंगठ्याने ए चालू ठेवा आणि वर १०-१२-१२-१२ पर्यंत जाऊन परत या. बासवाला नसला तरी कोणी याला सी मेजर ७ म्हणणार नाही.

ई मायनर ९ ला हाच शेप पाच फ्रेट खाली सरकतो, ०-०-०-२, खाली सहावी तार मोकळी. पाचवीवर २ धरलात की भरघोस ०-२-०-०-०-२.

गमकप्रेमी

१३ बद्दल कोणीच बोललं नाही.

चौथा_फ्रेट

बोलतो. ५-एक्स-५-५-७-७. ए जी सी एफ शार्प बी. हा ए मायनर १३. करंगळी किंवा अनामिका झोपवून ७-७ घ्या.

१३ नेहमी मेजरवाला, एफ शार्प. साधा एफ घातला तर ए सी ई जी एफ हे एफ मेजर ९ चेच सूर झाले, कान एफ कडे धाव घेतो. आणि एफ शार्प घातला की सी आणि एफ शार्प मध्ये ट्रायटोन (सहा फ्रेटचं अंतर) येतो, तो डी ७ चा जीव आहे. त्यामुळे ए मायनर वरून डी ७, मग जी असं जायचं असेल तर ए वर १३ वाजवू नका, पुढच्या कॉर्डमधली गंमत आधीच सांगून टाकल्यासारखं होतं. एकाच ए मायनर वर गाणं रेंगाळतंय, डोरियन रंग (मायनर, पण सहावा सूर चढा) आहे, तिथे १३ शोभून दिसतो.

तसंच ९ चंही सगळीकडे चालत नाही. सी च्या स्केलमध्ये डी मायनर आणि ए मायनर ला ९ बिनधास्त लावा. ई मायनर ला लावलात तर एफ शार्प येतो, स्केलबाहेरचा. तिथे ११ घ्या, ए आहेच स्केलमध्ये.

पाचवी_तार

हे कुठल्याच चार्टवर लिहिलेलं नसतं! मी ई मायनर ९ सगळीकडे ठोकत होतो आणि कधी लागतो कधी लागत नाही एवढंच कळत होतं.

आता शेवटचं. ही इन्व्हर्जन्स गाण्यात कुठलं कधी घ्यायचं हे ठरवायचं कसं? चार आहेत, चारही बरोबर आहेत.

डिस्टॉर्शन

जो जवळ असेल तो 😀

चौथा_फ्रेट

डिस्टॉर्शन, मस्करीत बोललात पण उत्तर तेच आहे. पुढच्या कॉर्डकडे जाताना सगळ्यात कमी हालचाल करणारा घ्यायचा. हे वाजवून बघा, पातळ चार तारांवर:

५-५-५-७
४-५-५-७
४-४-३-५

पहिला ए मायनर ९, रूट नाही. दुसरा डी १३, रूट नाही, एफ शार्प सी ई बी. तिसरा जी मेजर ९, त्यातही रूट नाही, एफ शार्प बी डी ए. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फक्त एकच सूर हलला, तोही एक फ्रेट, जी चा एफ शार्प. तर्जनीचा बॅरे उचलून ४ वर एकटी ठेवा, मधल्या बोटाचा छोटा बॅरे ५-५ वर, करंगळी आहे तिथेच. मग तिसऱ्यात एफ शार्प तसाच राहतो आणि बाकी तिन्ही एकेक पायरी उतरतात, सी चा बी, ई चा डी, बी चा ए.

आणि तो तिसरा शेप नीट बघा. २-२-१-३ च आहे, दोन फ्रेट वर सरकवलेला. बी मायनर ७. म्हणजे मायनर ७ चे जे चार शेप सुरुवातीला पाठ केले तेच परत येऊन मेजर ९ म्हणून उभे राहिले.

हातसोड

हे मात्र मानलं चौफ्रे. वरचा सूर पण बघा, बी, बी, ए. चाल ऐकू येते वर. कॉर्ड निवडताना मी तळाऐवजी वरचा सूर बघतो, गाण्याची चाल ज्या सुरावर आहे तो पहिल्या तारेवर यायला हवा. ए मायनर ९ मध्ये चाल ई वर असेल तर १०-१२-१२-१२, जी वर असेल तर २-४-१-३, बी वर असेल तर ५-५-५-७. इन्व्हर्जन आपोआप ठरतं.

काळीपांढरी

+१. आम्हीही उजवा हात असाच निवडतो.

पाचवी_तार

वाजवलं. ५-५-५-७ वरून ४-५-५-७ ला जाताना पहिल्यांदा बोटं गोंधळली पण आवाज ऐकून थांबवेना. कीबोर्डवाल्याला सांगितलं तू फक्त खाली ए, डी, जी धर. त्याने धरला आणि त्यानेच विचारलं हा कुठला कॉर्ड. म्हटलं तूच सांगितलेला, सी मेजर ७.

पुस्तकात ए मायनर ९ चं चौथं इन्व्हर्जनही दिलंय, तळाला बी. ते म्हणजे तो टोचणारा ९-९-८-८ च ना? असं नाव कोणी वापरतं का?

रिकामी_तार

शेप तोच, पण बोलताना चौथं इन्व्हर्जन असं कोणी म्हणत नाही. चार्टवर ए मायनर ७ स्लॅश बी लिहितात. पहिलं, दुसरं, तिसरं एवढंच कानावर येतं, तेही मायनर ७ पुरतं. ९ च्या पुढे गेलं की लोक तळाचा सूर नावाने सांगतात, ए मायनर ९ ओव्हर सी वगैरे.

नवखा७

खूप उशिरा आलोय धाग्यावर, सगळं वाचून काढलं. हेच शेप पाचव्या ते दुसऱ्या तारेवर का बसत नाहीत? ५-५-५-७ तिथे धरला तर भलतंच वाजतं.

चौथा_फ्रेट

नवखा७, स्वागत. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत फोर्थ नाही, मेजर थर्ड आहे, बाकी सगळीकडे फोर्थ. तो सांधा कुठल्या दोन बोटांच्या मध्ये येतो त्यावर शेप बदलतो. तुम्हाला हवा तो कॉर्ड तिथे १०-१०-९-१२ असा येतो, जी सी ई बी, अगदी त्याच उंचीचे सूर, आवाज फक्त जरा भरदार. मायनर ७ चे चार तिथले असे, पाचवी ते दुसरी: ०-२-०-१, ३-५-२-५, ७-७-५-८, १०-१०-९-१०. तळाला अनुक्रमे ए, सी, ई, जी. यातले रूट शोधून दोन फ्रेट वर न्या आणि काय येतं ते इथे लिहा, तपासून देतो.

नवखा७

०-२-०-१ मध्ये ए दोन जागी आहे का? तिसरी तार मोकळी म्हणजे जी ना?

रिकामी_तार

जी बरोबर. ए एकच, पाचवी मोकळी तार. तिथला ए दोन फ्रेट वर नेला की २-२-०-१, बी ई जी सी, परत तोच टोचणारा. पुढचा घ्या, ३-५-२-५, त्यात ए तिसऱ्या तारेवर आहे.

नवखा७

म्हणजे ३-५-४-५. सी जी बी ई. लागला!